कोऱ्या जागेचे पैसे कोण देणार? : आमच्या छापखान्याची वाटचाल

आमचा छापखाना चालतो तो पावती पुस्तकांवर, लग्नपत्रिकांवर, जत्रेच्या हँडबिलांवर आणि बारवाल्यांच्या बिलबुकांवर. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर मागाहून कोणीतरी म्हणायचं की हा माणूस हायकूवर, म्हणजे त्या तीन ओळींच्या कवितांवर, बंगला बांधून बसलाय. हायकूवर फोंड्यात सोडाच, जपानात पण कोणी प्रिंटर जगत नसावा. पण चार लोक आज आम्हाला ओळखतात ते हायकूंच्या छोट्या पुस्तिकांमुळे, बक्षीस मिळालेल्या हायकूंची पुस्तिका म्हटलं की गोव्यातले कवी आमच्याकडे येतात, आणि ज्यांनी यायला हवं होतं ते एकदा दुसरीकडे गेले, त्याबद्दल मी लिहिणारच आहे.

छापखाना म्हणजे गोव्याला काही नवीन नाही. आशियातलं पहिलं युरोपीय पद्धतीचं छपाईचं मशीन १५५६ साली इथेच उतरलं, ते खरं तर चाललं होतं अबिसिनियाला, वाटेत गोव्यात थांबलं ते थांबलंच. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ ला रायतूरला छापलं गेलं, भाषा मराठी आणि लिपी रोमन, कारण आपल्या लिपीला साचेच इतके लागणार होते की ते काम आवाक्यातलं नव्हतं. लोक त्यावर मोठमोठी भाषणं करतात. मला वाचल्यावर एवढंच वाटलं की एस्टिमेट परवडत नाही म्हणून काम बदलावं लागलं, हे दुखणं तेव्हापासूनचं आहे.

आम्ही सुरू केलं १९८७ ला, गोवा राज्य झालं त्याच वर्षी. वरच्या बाजारात एक खोली, बेळगावहून आणलेलं जुनं ट्रेडल म्हणजे पायाने चालवायचं छपाईचं मशीन, दोन फॉन्टच्या केसेस म्हणजे अक्षरं ठेवायचे खणांचे ट्रे, आणि मामा. मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत, सगळा बाजार त्यांना मामा म्हणायचा. पार्टनर म्हणून कागदावर त्यांचं नाव कधी आलं नाही, त्यांनाच नको होतं, पण नफ्यातला वाटा मी त्यांना शेवटपर्यंत दिला. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला असा माणूस मी परत बघितला नाही. डाव्या हातात खिळे मांडायची स्टिक, उजवा हात केसवर, नजर कॉपीवर, आणि तोंडाने चालू कालच्या नाटकातलं पद. रफार, वेलांट्या, जोडाक्षरं कुठल्या खणात आहेत ते बघायची त्यांना गरजच नसायची. पावसाळ्यात सरसाचे रोलर मऊ पडायचे, शाई कुठे दाट कुठे फिकी यायची, तेव्हा मामा सकाळी आल्या आल्या रोलरला बोट लावून सांगायचे, आज लग्नपत्रिका नको, आज पावत्याच घे. आणि पावत्याच घ्यायच्या.

आता ऑफसेटवाल्या पोरांना हे कळत नाही म्हणून सांगतो. लेटरप्रेसला, म्हणजे खिळ्यांच्या छपाईला, कोरी जागा फुकट येत नाही. दोन शब्दांमधे स्पेस घालावी लागते, ओळ अर्धी असेल तर उरलेल्या अर्ध्यात क्वाड म्हणजे शिशाचे कोरे तुकडे भरावे लागतात, दोन ओळींमधे लेड म्हणजे शिशाची पट्टी, आणि पानाच्या मधोमध तीन ओळी हव्या असतील तर वर खाली सगळीकडे फर्निचर म्हणजे लाकडी ठोकळे ठोकून चेस, म्हणजे बाहेरची लोखंडी चौकट, आवळावी लागते, नाहीतर मशीनवर जुळवलेला फर्मा सुटून खिळे जमिनीवर. म्हणजे वाचणाऱ्याला जिथे काहीच दिसत नाही तिथे आम्ही शिसं नाहीतर लाकूड बसवलेलं असतं. कॉम्प्युटरवर एंटर मारून जागा सोडणाऱ्याला त्या जागेची किंमत कशी कळणार!

बाई आल्या त्या नव्वद सालानंतर कधीतरी. डिचोलीकडच्या शाळेत मास्तरीण, हातात शाळेची दोनशेपानी वही, आणि पहिलंच वाक्य, "एका पानावर एकच हायकू छापणार असाल तर बसते, नाहीतर चालले." मी म्हटलं बाई, कागदाचा भाव माहीत आहे का? त्या म्हणाल्या, "तुम्हाला हायकू माहीत आहे का?" नव्हता माहीत. मामांनी चहा मागवला.

त्या दिवशी आणि नंतर कितीतरी दुपारी बाईंनी आम्हाला शिकवलं. मराठीत हे आणलं ते शिरीष पै यांनी, अत्र्यांची मुलगी. आपल्याकडे तीन ओळी आणि त्यातल्या दोघींचं यमक जुळतं ही रीत पडली, जपानीत यमक वगैरे नसतं, तिथे पाच-सात-पाच असे सतरा ध्वनी मोजतात, ऋतू सांगणारा एखादा शब्द असतो आणि मधे एक कापल्यासारखी जागा. बाशो सतराव्या शतकातला, हायकू हे नाव चालू केलं ते शिकीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. मामांना सगळ्यात मजा कसली वाटली तर जपानी छपाईत हायकू बहुतेक वेळा एकाच उभ्या ओळीत असतो, तीन ओळी ही बाहेरच्यांची सवय. म्हणाले, "बरं झालं बाई जपानी नाहीत, उभी ओळ जुळवताना माझी मानच गेली असती."

बाईंचा एक देतो, त्यांना विचारून देतोय:

मिठागर उन्हात
बगळ्याचा एकच पाय
दिसतो पाण्यात

मामांनी हा जुळवला आणि प्रूफ काढून बराच वेळ हातात धरून बसले. मग वरची जागा दोन लेडने वाढवली. बाईंनी प्रूफ बघितलं आणि एकही करेक्शन न करता सही केली. आमच्याकडे असं गिऱ्हाईक दुसरं नाही, कवी लोक तर चौथ्या प्रूफला कवितेतला शब्द बदलतात आणि वर म्हणतात फक्त एकच शब्द आहे हो.

नंतरची बरीच वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ऑफसेट घेतलं, मामा थकले, कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायची श्रीलिपी आली मग युनिकोड आलं.

पण बाईंच्या नादाने मी बाहेरचं वाचायला लागलो, आणि या तीन ओळींना जगात काय मान आहे ते बघून गार पडलो. मात्सुयामा म्हणजे शिकीचं गाव, तिथे त्याच्या नावाने आंतरराष्ट्रीय हायकू पुरस्कार दिले गेले. २००० साली मोठा पुरस्कार फ्रेंच कवी इव्ह बोनफ्वा यांना, २००४ ला अमेरिकेच्या गॅरी स्नायडरना, आणि मधे २००२ ला आपले सत्यभूषण वर्मा, जेएनयूमधे जपानी शिकवायचे, हिंदीत हायकू रुजवण्यासाठी आयुष्यभर खपलेले, त्यांचाही तिथे सन्मान झाला. आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? २०११ ला नोबेल मिळालेले स्वीडनचे ट्रान्सट्रोमर, पक्षाघातानंतर बोलणं जवळजवळ गेलं होतं, तो माणूस उतारवयात हायकू लिहीत होता. अमेरिकेत कॅमडेनचा निक व्हर्जिलिओ, धाकटा भाऊ व्हिएतनामच्या लढाईत गेला, ते दुःख त्याने वर्षानुवर्षं तीन तीन ओळींत मांडलं, आज त्याच्या नावाने शाळेतल्या मुलांची हायकू स्पर्धा होते. हायकू फाउंडेशनचे टचस्टोन पुरस्कार २०१० पासून आहेत, त्यात पुस्तकाला वेगळा आणि सुट्या एकेका हायकूला वेगळा. एका हायकूला! आपल्याकडे एका कवितेला कोण विचारतो, जाडजूड संग्रह लागतो, तोही प्रस्तावनेसकट. इंग्रजीत लिहिणाऱ्या आपल्या कवींमधे कला रमेश यांचं काम मोठं, स्वतः तर लिहितातच, पण नवी पोरं तयार करतात.

आणि जपानातली ती चहाची कंपनी, इतो एन, १९८९ पासून हायकू स्पर्धा घेते आणि निवडून आलेले हायकू चहाच्या बाटलीवर छापते. मला कवीपेक्षा त्या लेबल छापणाऱ्याचा जास्त हेवा वाटतो.

असो, आता मुद्दा.

इथल्या एका संस्थेने ठरवलं की गोव्यातल्या बक्षीस मिळालेल्या मराठी हायकूंचा एक संग्रह काढायचा, कवींचा सत्कार करायचा, कार्यक्रम वगैरे. काम आमचंच होतं. तोंडी होतं, पण गोव्यात अशी कामं तोंडीच होतात. एस्टिमेट दिलं होतं, शहाण्णव हायकू, शहाण्णव पानं, चांगला नॅचरल शेड कागद, शिलाई बाइंडिंग. कागद बेळगावहून उचलला, त्यातला अर्धा उधारीवर. ऑफसेटचे हप्ते पतसंस्थेत चालूच होते. आणि मग आमच्याच लाइनीत नवीन दुकान थाटलेल्या एका डिजिटलवाल्याने त्यांना सांगितलं, एवढी पानं कशाला, अर्ध्याहून कमी पैशात करून देतो. कसं केलं? एका पानावर सहा हायकू! शहाण्णव भागिले सहा, सोळा पानं, सेंटर पिन, वर चकचकीत लॅमिनेशन. मधे जिथे थोडी जागा उरली तिथे क्लिपार्टमधलं कमळ. बाईंच्या मिठागरातल्या बगळ्याशेजारी कसला तरी निळा पक्षी चिकटवला होता, तो पक्षी गोव्यात आहे की नाही देव जाणे. यमकाची तिसरी ओळ दोन ठिकाणी पुढच्या कॉलमात गेलेली.

कार्यक्रमाला मला बोलावणं होतं, मी गेलोही. स्टेजवर त्या माणसाला शाल आणि नारळ. कवींना फोल्डर आणि पेन. बाई उठून माईकवर गेल्या आणि म्हणाल्या, "पुस्तक छान चकाकतं आहे." एवढंच बोलून खाली बसल्या, निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तो पावसाळा आमचा शेवटचा असं मीच धरून चाललो होतो. कागद पडून, आणि गोव्याच्या पावसात कागद पडून राहणं म्हणजे काय ते धंद्यातल्याला सांगायला नको. कडा वाकतात, मशीनवर दोन दोन शीट उचलली जातात. कागदाच्या खोलीत रात्रंदिवस बल्ब लावून ठेवले, लाइटचं बिल वेगळं. त्याच डिजिटलवाल्याने देवस्थानांच्या पावत्यांचं काम पण पाडून नेलं. पतसंस्थेचा माणूस रोज बाहेर स्कूटर लावून बसायचा. ट्रेडल भंगारात घालायची बोलणी झाली होती, मामा तेव्हा घरीच असायचे, त्यांना कोणीतरी सांगितलं, तर रिक्षा करून आले आणि मशीनच्या फ्लायव्हीलवर हात ठेवून म्हणाले, "हे विकलंस तर माझा हिशोब पण आजच कर." हिशोब करायला पैसे नव्हते म्हणून मशीन राहिलं, असंही म्हणता येईल.

चतुर्थीनंतर बाई आल्या. सोबत आणखी कवी, एक बँकेतला, एक पेडण्याकडचा काजूबागायतदार, एक नर्स. बाईंचा हिशोब तयार होता. पडलेला कागद पोस्टकार्डाच्या मापाला कापायचा, प्रत्येक कवीची स्वतंत्र पुस्तिका, पानाला एकच हायकू, कव्हर ट्रेडलवर खिळ्यांनी. पैसे पूर्ण आधी, पण भावात त्यांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बांगडे माशांचा वाटा घेताना करावी तशी घासाघीस केली, मला म्हणे कटिंगचे पैसे लावू नका, कागद तर तुमचा सडतोच आहे. लावले नाहीत. मामांनी कव्हरं जुळवली, बसून, अर्धा अर्धा दिवस. तेच त्यांचं शेवटचं काम.

त्यातल्या एका पुस्तिकेला पुढे बक्षीस मिळालं. कवीचं नाव आलं, मुखपृष्ठाचं कौतुक झालं, "देखणी निर्मिती" असं परीक्षकांनी लिहिलं, छापणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मी काही बोललो नाही. तेव्हापासून शेवटच्या पानावर मुद्रकाचं नाव एक पॉइंट मोठं टाकतो.

नवीन कवींना सांगतो, कोणी विचारलेलं नाही तरी. हायकू सेंटरला लावू नका, डावीकडून सुरू करा, तीन ओळी मधोमध घातल्या की लग्नपत्रिका दिसते. प्रत्येक हायकूला शीर्षक देऊ नका. ७० जीएसएमच्या पातळ कागदावर छापू नका, मागचा हायकू पुढे दिसतो आणि दोन्ही मरतात. चित्रं नकोत. आणि दर वेळी चेरीचा बहर काय लिहिता, जपान्यांकडे ऋतुशब्दांचे कोश आहेत कारण त्यांनी आपल्या अंगणातलं गोळा केलं. आपल्याकडे मानकुराद आंबा आहे, पहिल्या पावसानंतरची अळमी म्हणजे रानातली अळंबी आहेत, काजूची बोंडं कुजल्याचा वास आहे, ते आणा. छापखान्यात येताना मात्र युनिकोडमधे टाइप करून आणा, व्हॉट्सअपवर वहीचे फोटो पाठवू नका.

२०२० ला लग्नं, जत्रा सगळं बंद झालं तेव्हा परत तीच वेळ येते की काय वाटलं, पण बाकीचं बंद असताना पुस्तिका थोड्या थोड्या चालू राहिल्या, लोक घरात बसून लिहीत होते.

ट्रेडल अजून आहे. रोलर आता रबराचे. पर्फोरेशन आणि नंबरिंगला तेच वापरतो. गेल्या मार्चमधे तो डिजिटलवाला स्वतः आला, त्याच्याकडे पावती पुस्तकांची मोठी ऑर्डर होती आणि त्याचं नंबरिंग बिघडलेलं. "भाई, करून द्याल का?" मी म्हटलं देतो. रेट हजारी सांगितला, त्याने कमी करा म्हटलं, मी केला नाही. काम वेळेत दिलं, पैसे रोख घेतले, आणि निघताना त्याला बाईंची नवी पुस्तिका दाखवली. चाळून म्हणाला, "यात अर्धी पानं रिकामीच आहेत की." तिची किंमत साठ रुपये आहे, ती पण त्याच्याकडून घेतली.