जॉर्जटाउनमध्ये एवढे दिवस केलंत काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. पाठीवर एकेक सॅक टाकून आम्ही नवरा-बायको आग्नेय आशियात फिरून आलो, तेव्हापासून हा प्रश्न पाठ सोडत नाही. व्हिएतनाम भराभर उरकलंत, कंबोडियात तर नुसते अंगकोरला जाऊन आलात, आणि मलेशियातल्या पिनांग बेटावरच्या त्या एका जॉर्जटाउनला जवळजवळ महिना? लोकांना वाटतं कुणीतरी आजारी पडलं असणार, नाहीतर पैसे संपले असणार. तसं काहीच नव्हतं. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना मलेशियात तीस दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. ते दिवस आम्ही अनेक शहरांत वाटून न टाकता एकाच शहराला दिले. वेगवेगळ्या धर्मांची, भाषांची माणसं एका गल्लीत खरोखर कशी राहतात, हे मला बघायचं होतं. ते दोन दिवसांत दिसत नाही. दोन दिवसांत फक्त देवळं आणि मशिदी दिसतात.

त्या तर सगळ्यांनाच दिसतात. १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइटने हे बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात घेतलं आणि किनाऱ्यावर रस्ते आखले. त्यातलाच एक जुना पिट स्ट्रीट, आताचा जालान मस्जिद कपितान केलिंग. या रस्त्याच्या एका टोकाला १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, थोडं पुढे १८०० च्या सुमाराचं चिनी कुआन यिन देऊळ, मग १८३३ च्या महामारियम्मन देवळाची मागची बाजू (देवळाचं तोंड पलीकडच्या क्वीन स्ट्रीटला आहे), आणि पुढे तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांनी १८०१ मध्ये उभारलेली कपितान केलिंग मशीद. रमतगमत चाललं तरी दहा मिनिटांचा रस्ता. त्या पांढऱ्याशुभ्र चर्चसमोर मात्र मी बराच वेळ उभी राहिले. ते बांधताना हिंदुस्थानातून आणलेल्या कैद्यांना राबवलं होतं. मलाक्काच्या सामुद्रधुनीवरच्या या वसाहतींत काळ्या पाण्यावर पाठवलेल्यांत आपल्या मुंबई इलाख्यातलेही कैदी होते. त्यांची नावं त्या भिंतींवर कुठेच नाहीत.

आम्ही एका जुन्या शॉपहाऊसमध्ये वरची खोली घेतली होती. ही घरं रस्त्याकडून अरुंद आणि आत लांबच लांब असतात, मधे उघडा चौक, त्यात पाऊस थेट घरात पडतो. खालच्या मजल्यावर घरमालकीण राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, हॉक्किएन बोलणाऱ्या चिनी बाई. पिनांगमध्ये त्या वयाच्या कुठल्याही बाईला आंटीच म्हणतात, तसं आम्हीही म्हणायचो. आंटी आपल्या लोकांशी हॉक्किएन ही चिनी बोली, भाजीवालीशी मलय, आमच्याशी इंग्रजी बोलत, आणि कोपऱ्यावरच्या फुलवाल्याशी तमिळमध्ये भाव करत. तमिळ त्यांना आकड्यांपुरतंच येत होतं. तेवढ्यावर भागत होतं.

आता माझ्या नवऱ्याच्या जेवणाबद्दल सांगायला हवं, कारण हे शहर आम्हाला उलगडलं ते त्यामुळे. तो वारकरी घरातला, पूर्ण शाकाहारी. पिनांगची ख्याती खाण्याची, पण तिथल्या निम्म्या पदार्थांत बेलाचान असतो, म्हणजे जवळा आंबवून केलेला लगदा. हिरवी पालेभाजीसुद्धा त्यातच परततात. पहिले काही दिवस तो लिटल इंडियात केळीच्या पानावर भात आणि सकाळी रोटी चनाई-डाळ, एवढ्यावर होता. मग एकदा आंटींनी विचारलं, ‘हा रोजच शाकाहारी? आम्ही पहिल्या आणि पंधराव्याला असतो.’ चांद्र महिन्याची पहिली आणि पंधरावी तिथी, म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण अमावस्या आणि पौर्णिमा. त्या दिवशी भाविक चिनी माणूस मांस-मासे खात नाही. अनेक जण कुआन यिन देवीसाठी गोमांस तर कायमचंच सोडतात. बौद्ध शाकाहारी स्वयंपाकात कांदा-लसूणही चालत नाही. हे ऐकून नवऱ्याने लगेच आंटींना आपल्या आईचा चातुर्मास सांगितला. आंटींना त्याचं काडीचं नवल वाटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, ‘मग तिकडे चवीला काय घालतात?’ आणि हिंग दाखवायला आम्हाला लिटल इंडियातल्या वाण्याकडून डबी आणावी लागली.

त्यानंतर आम्ही शहर वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. कुठल्या माणसाला कुठे काय चालतं, याचा एक न लिहिलेला नकाशा तिथल्या प्रत्येकाच्या डोक्यात असतो. चिनी कोपितिआममध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानात, डुकराचं मांस असतं म्हणून मलय माणूस, जो मुसलमान असतो, तिथे जेवायला येत नाही. पण तमिळ मुसलमानांच्या नासी कंदारच्या दुकानात सगळे येतात. नासी म्हणजे भात, कंदार म्हणजे कावड. पूर्वी हे विक्रेते भात आणि कालवणांची भांडी कावडीला टांगून फिरत. आता दुकानं झाली. ताटात भात, त्यावर तीन-चार वेगळ्या कालवणांचे रस्से एकात एक ओततात. मी मासे-कोंबडी खाते, त्यामुळे मला त्याची चटक लागली. एका टेबलावर शाळेतून आलेल्या मलय मुली, शेजारी चिनी मेकॅनिक, आणि पलीकडे ‘अने’ (दादा) अशी हाक मारून जास्तीचा रस्सा मागणारे तमिळ हिंदू म्हातारबुवा. कुणी कुणाच्या ताटात डोकावत नाही, आणि कुणी कुणाला बाटवत नाही. मला यातली सभ्यता फार मोलाची वाटते. एकमेकांत विरघळून जायचा कुणाचाच आग्रह नाही. प्रत्येकाला स्वतःची सीमा माहीत आहे, दुसऱ्याचीही माहीत आहे, आणि दोन्ही पाळून व्यवहार होतो.

आम्ही मुद्दाम जानेवारीच्या शेवटी पोचलो होतो. २०२५ चं चिनी नववर्ष २९ जानेवारीला होतं, आपली पौषातली अमावस्या. तिथून चंद्र चढत गेला. आपली रथसप्तमी झाली आणि दुसऱ्या रात्री आम्ही च्यू जेट्टीवर होतो. चिनी कुळांनी एकोणिसाव्या शतकात समुद्रात खांब रोवून त्यावर वसवलेल्या या वाड्या, एकेका आडनावाची एकेक. नववर्षाच्या नवव्या दिवशी हॉक्किएन लोक स्वर्गाच्या सम्राटाचा जन्मदिवस करतात, आणि सुरुवात आदल्या मध्यरात्रीच होते. रस्त्यावर टेबलांची लांब रांग, त्यावर भाजलेली अख्खी डुकरं, अननस, कासवाच्या आकाराची लाल पक्वान्नं, आणि दोन्ही बाजूंना पानांसकट उभे बांधलेले ऊस. सांगतात की एकदा शत्रूच्या तावडीतून वाचायला त्यांचे पूर्वज उसाच्या फडात लपले आणि नवव्या दिवशी सुखरूप बाहेर आले. म्हणून ऊस हवाच. बारा वाजता सोनेरी कागदांचा ढीग पेटला तेव्हा त्याची धग पार मागे उभ्या असलेल्या आमच्यापर्यंत आली.

आणि मग तैपूसम. मुरुगनाचा, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीचा उत्सव, ११ फेब्रुवारीला. आदल्या दिवशी रथ शहरातून निघतो. त्याच्या वाटेवर पहाटेपासून नारळांचे ढीग लागतात, आणि यातले मोठमोठे ढीग चिनी घरांचे आणि चिनी दुकानांचे असतात. आम्ही उभे होतो तिथे एका सुट्या भागांच्या दुकानासमोर कमरेएवढा ढीग होता. दुकानदाराने आधी पाइप लावून रस्ता धुतला. नारळांत उदबत्त्या खोचल्या, वर कापूर लावला. रथ जवळ आला तसा त्याने, त्याच्या बायकोने आणि कामावरच्या मुलांनी दोन्ही हातांनी नारळ डांबरावर आपटायला सुरुवात केली. पाणी आमच्या गुडघ्यांपर्यंत उडत होतं. सगळा रस्ता करवंट्यांनी भरून गेला, आणि रथ पुढे सरकण्याआधी पालिकेची माणसं फावडी घेऊन त्या बाजूला सारत होती. आंटीही दरवर्षी नारळ फोडतात. भावाचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा बोललेला नवस. चिनी देवळात नाही का बोललात, असं मी विचारलं. ‘तिथेही बोलले होते,’ आंटी म्हणाल्या.

वॉटरफॉल रोडवरच्या डोंगरावरच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर मंडप लागतात, तण्णीर पंदल. पाणी, ताक, भात फुकट. वारीच्या वाटेवर गावं जशी वारकऱ्यांना हात धरून जेवायला बसवतात, अगदी तसं. नवऱ्याने तिथे पोटभर सांबारभात खाल्ला. दुसऱ्या दिवशी, १२ तारखेला, माघी पौर्णिमा आणि चिनी नववर्षाची पंधरावी रात्र एकच होती. समुद्रकाठच्या मैदानावर मुली चांगला नवरा मिळावा म्हणून पाण्यात संत्री टाकत होत्या. कुआन यिन देवीच्या देवळाबाहेर शाकाहारी नूडल्ससाठी रांग होती, आणि त्या रांगेत माझा नवराही होता.

हे सगळं आपोआप जमलेलं नाही, हेही तिथे राहिल्यावर कळतं. १८६७ च्या ऑगस्टमध्ये या गल्ल्यांत कित्येक दिवस दंगल पेटली होती. पण तिच्यातले पक्ष बघा. एका बाजूला चिनी गुप्त संघटना घी हिन आणि तिच्याबरोबर मुसलमानांची ‘पांढरा झेंडा’ ही संघटना. समोर चिनी तुआ पेक काँग आणि तिच्याबरोबर मुसलमानांचीच ‘लाल झेंडा’ संघटना. म्हणजे भांडण झालं तेही धर्म ओलांडून. शंभर वर्षांनी, नोव्हेंबर १९६७ मध्ये, जुन्या चलनाचं मूल्य घसरवल्यावर इथे हरताळ झाला, तो मात्र वंशावंशांतल्या हाणामारीवर गेला. मलेशियाच्या राजकारणात आजही कोण कुठल्या वंशाचा, याला फार वजन आहे. आंटींची दोन्ही मुलं परदेशात आहेत. त्याबद्दल त्या फार बोलल्या नाहीत.

माझी खरी काळजी मात्र दंगलींची नाही, भाड्यांची आहे. १९४८ पूर्वीच्या इमारतींना तिथे भाडेनियंत्रण होतं. मुंबईच्या चाळींची भाडी माहीत असलेल्यांना हे समजावून सांगायला नको. वर्षानुवर्षं तुटपुंज्या भाड्यात शिंपी, सुतार, उदबत्ती वळणारे, पाट्या कोरणारे खाली दुकान आणि वर घर करून राहिले. १९९७ मध्ये तो कायदा रद्द झाला, आणि मुदत संपून २००० साल उजाडलं तशी भाडी बाजारभावाला गेली. माणसं बेटाच्या दुसऱ्या भागांत, मुख्य भूमीवर निघून गेली. २००८ मध्ये मेलाका (मलाक्का) या मलेशियातल्याच दुसऱ्या शहरासह जॉर्जटाउनला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. २०१२ मध्ये भिंतींवर ती प्रसिद्ध चित्रं आली, आणि रिकाम्या घरांत कॅफे आणि हॉटेलं आली. इमारती वाचल्या, त्याचा मला आनंद आहे. पण नारळाचा ढीग लावणारा दुकानदार गेला, तर रथाच्या वाटेवर फक्त फोटो काढणारे उरतील. कोएय कुळाची जेट्टी तर २००६ मध्ये पाडलीच. च्यू जेट्टीवर आज पाहुण्यांसाठी वेळेच्या पाट्या लावल्या आहेत, कारण लोक सरळ घरात डोकावतात. त्या पाट्या पाळा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

तुमच्यापैकी काही जण जायचं म्हणताय, म्हणून थोडं कामाचं. क्वालालंपूरहून रेल्वेने बटरवर्थ साधारण चार तास, तिथून फेरीने पंधरा-वीस मिनिटांत बेट. खोली घेताना घरमालक त्याच घरात राहतात का ते विचारा, आणि राहत असतील तर थोडे जास्त पैसे पडले तरी तिथेच उतरा. तैपूसम तमिळ तै महिन्यातल्या पुष्य नक्षत्रावर असतं आणि चिनी नववर्ष त्यांच्या अधिक महिन्याप्रमाणे मागेपुढे होतं, त्यामुळे दोन्ही दरवर्षी २०२५ सारखे हातात हात घालून येत नाहीत. २०२६ मध्ये तैपूसम १ फेब्रुवारीला आणि चिनी नववर्ष १७ फेब्रुवारीला. तरी तीस दिवसांत दोन्ही बसतात. आणि बरोबर कुणी शाकाहारी असेल, तर दिनदर्शिकेत अमावस्या आणि पौर्णिमा बघून ठेवा.