डिकोडरवर आळ घेण्याआधी

इथे जर्मनीत आमच्या मॉडेल रेल्वे क्लबात बंद पडलेलं इंजिन टेबलावर आलं, की आणणारा हमखास म्हणतो, "डिकोडर गेला." (डिकोडर म्हणजे इंजिनात बसवलेलं, हुकूम वाचणारं छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट.) दुरुस्ती बघणारे आजोबा खऱ्या रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झालेले. ते डिकोडरकडे ढुंकूनही बघत नाहीत. आधी इंजिन उताणं करून चाकं बघतात. आता मीही तेच करतो.

डिजिटल पद्धतीत रुळांमध्ये सतत साधारण १५ व्होल्ट खेळत असतात, आणि त्याच विजेची दिशा भराभर उलटसुलट करून इंजिनाला हुकूम जातात. हुकूम एक आणि शून्य अशा अंकांत असतात: अर्धा ठोका, म्हणजे दोन पलट्यांमधला वेळ, ५८ मायक्रोसेकंदांचा असला तर एक, १०० किंवा त्याहून लांब असला तर शून्य. डिकोडर ते वाचून मोटर आणि दिवे चालवतो. त्यामुळे चाकावर काजळी धरली की वीज आणि हुकूम दोन्ही एकदम तुटतात. जुनं अ‍ॅनालॉग इंजिन तेवढ्याने नुसता हिसका द्यायचं. हे मात्र क्षणभर मरतं आणि पुन्हा जागं होतं: दिवे फडफडतात, आवाजवालं असेल तर धडधड पहिल्यापासून सुरू. बघणाऱ्याला वाटतं, इलेक्ट्रॉनिक्स बिघडलं. उपाय काय, तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चाकामागच्या पितळी पट्ट्या जरा वाकवून चाकाला टेकवणं.

एवढं करूनही चालेना, तर डिकोडर उपसून त्या जागी ब्रिज प्लग, म्हणजे तारा थेट जोडणारी छोटी खुंटी, बसवायचा. वीज सरळ मोटरला मिळते. साध्या डीसीवर इंजिन गुमान पळालं, तरच डिकोडरवर संशय. नाही पळालं, तर झिजलेले कार्बन ब्रश, काळा पडलेला कम्युटेटर (मोटरचा ब्रश टेकतात तो फिरता भाग) किंवा सोल्डरिंगचा कच्चा राहिलेला जोड शोधा. मला ही चाचणी सगळ्यात आवडते, कारण वाद तिथेच मिटतो.

नवा डिकोडर लावायची घाई मात्र नको. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोड असला की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवून, डिकोडर आणि ब्रिज प्लग दोन्ही बाहेर असताना, मोटरचं एकेक टोक चाकांशी आणि सांगाड्याशी तपासा. बीप वाजला तर तिथेच थांबा. अनेक जुन्या इंजिनांत मोटरचं एक टोक सांगाड्यालाच जोडलेलं असतं. ते न तोडता डिकोडर लावला, तर रुळाची वीज त्याच्या मोटरच्या बाजूने आत घुसते आणि पुढचं जळक्या वासावरून नाकच सांगतं. कधी मोटर निर्दोष असते, पण वरचं कवच बसवताना एखादी वायर चेपली जाऊन तिचं आवरण फाटलेलं असतं. कवच काढलं की चालतं, लावलं की बंद, अशा तक्रारीत आधी हेच बघावं.

गंमत प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डिकोडरच्या सेटिंग्ज वाचायच्या-लिहायच्या वेगळ्या रुळावर, आहे. तिथे डिकोडरला काही विचारलं, तर तो उत्तर म्हणून मोटरला क्षणभर वीज देतो. साधारण ६० मिलिअँपिअर, ६ मिलिसेकंद. तोच त्याचा होकार. म्हणजे मोटरची एक वायर सुटलेली असली, तर डिकोडर ठणठणीत असूनही मुका ठरतो. वीज साठवून ठेवणारा मोठा कपॅसिटर जोडलेला असला तरी वाचन फसू शकतं.

थंड असताना छान चालून थोड्या वेळाने थांबणारं इंजिन मला जरा छळतं. बऱ्याचदा गिअरमधलं तेल चिकट झालेलं असतं. मोटर जास्त वीज ओढते, डिकोडर तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद होतो. एच-झीरो या १:८७ प्रमाणातल्या इंजिनांचे बरेच डिकोडर सलग १ अँपिअरच्या आसपासच झेपवतात.

आणि रीसेट करणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा: सीव्ही ८ मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग) ८ लिहिलं की बऱ्याच डिकोडरांचा पत्ता, म्हणजे इंजिनाला हाक मारायचा नंबर, पुन्हा ३ होतो. "आता तर पारच मेलं" म्हणत लोक इंजिन परत घेऊन येतात, आणि हाका जुन्याच पत्त्यावर मारत असतात.