घरी पण असंच बोलता का?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, एकदा तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंडात कापूस असताना. प्रश्न तोच: ‘मॅडम, तुम्ही घरी पण असंच बातम्यांसारखं बोलता का?’ आणि मी मूळची वऱ्हाडातल्या दर्यापूरकडची हे कळलं की पुढे शेपटी: ‘अय्या, वाटत नाही हो!’ ही दाद आहे, असं विचारणाऱ्याला मनापासून वाटत असतं.

इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली. आता तुम्ही विचारलंतच, तर सांगते.

चॅनेलमध्ये लागले तेव्हा पहिले तीन महिने मला पडद्यावर येऊ दिलं नव्हतं. आमच्याकडे पाण्याचं पानी होतं, डोळ्याचा डोया. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी रोज अर्धा तास माझ्याकडून ‘ण’ घोटून घेतला. तो इतका मुरला, की पहिल्याच बुलेटिनमध्ये मी ‘राज्यातल्या जणतेला’ म्हणाले. अख्खी न्यूजरूम आठवडाभर हसत होती. मीही हसले. राग आला नव्हता, आणि तो आला नाही याचाच आता येतो.

पण माझीही बाजू ऐका. बुलेटिन एकच असतं. ते कोल्हापुरात कळायला हवं, गडचिरोलीतही. कुठली तरी एक भाषा धरावी लागते आणि ती बोलण्याचा मला पगार मिळतो. वकील काळा कोट घालतो, त्याला कुणी विचारतं का, घरी पण घालता का म्हणून? हे उत्तर मी इतक्यांदा दिलंय की त्यात कुठे श्वास घ्यायचा तेही ठरलेलं आहे.

मग ऑक्टोबर 2017 येतो आणि ते उत्तर पुरत नाही.

कपाशीवर गुलाबी बोंडअळी होती. यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले होते, शेकडो दवाखान्यात होते. संध्याकाळच्या कार्यक्रमात आम्ही एका शेतकऱ्याला फोनवर घेतलं. माझ्या वडिलांच्या वयाचा आवाज. ते म्हणाले, ‘मॅडम, बोंडाबोंडात अयी हाये. फवारे मारून मारून डोये जयून राह्यले, पन अयी काई मरत नाई.’

आणि मी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, ‘म्हणजे यांचं म्हणणं असं आहे, की बोंडअळीचा प्रचंड प्रादुर्भाव आहे आणि फवारणीमुळे डोळ्यांना त्रास होतो आहे.’

फोनवर दोनेक सेकंद काहीच नाही. मग ते शांतपणे म्हणाले, ‘मी मराठीतच सांगून राह्यलो न, मॅडम.’

मी ‘अर्थातच, अर्थातच’ म्हणून ब्रेक घेतला.

डोळे जळत होते त्यांचे. जळणं काढून मी तिथे ‘त्रास’ ठेवला. त्रास धुळीनंही होतो. त्या वाक्यात जे विष होतं ते माझ्या शुद्ध मराठीत उतरलंच नाही. रात्री मायचा फोन आला. ती रागावली नव्हती, खरोखरच बुचकळ्यात पडली होती. ‘तुले त्याचं बोलनं समजलं नाई का वो, बाई?’

हा किस्सा मी अनेकांना सांगितलाय आणि दरवेळी एक जोड दिलीय: कानातल्या इअरपीसमधून प्रोड्यूसर म्हणाला, लोकांना कळत नाहीये, सोपं करून सांग. तो तसं काहीही म्हणाला नव्हता. कुणीच म्हणालं नव्हतं. ते माझं मीच केलं.

तेव्हाची मी म्हणेल, मुंबईच्या प्रेक्षकाला ‘अयी’ कळलं नसतं. नसेल कळलं. पण मला कळलेलं आहे, हे प्रेक्षकाला कळू नये म्हणून माझी जास्त धडपड होती. हेही पूर्ण खरं आहे का? कुणास ठाऊक.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा ती बातमी मीच वाचली. पॅनलवर लीळाचरित्राचं नाव निघणार होतंच. मराठी गद्याचा आद्य ग्रंथ, आणि तो सिद्ध झाला रिद्धपूरला, अमरावती जिल्ह्यात, म्हणजे माझ्या माहेरच्याच जिल्ह्यात. महानुभाव पंथातला केशिराज संस्कृतात लिहू म्हणत होता तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं, यानं माझ्या (संस्कृत न कळणाऱ्या) म्हाताऱ्या नागवल्या जातील, असं म्हणून. मी ते फार सुंदर वाचलं असं सगळे म्हणाले. एकही ‘ण’ चुकला नाही.

निवडणुकीत मुंबईचे नेते आमच्याकडे येऊन ‘काय बाप्पा’ करतात नि टाळ्या घेतात. मालिकेतल्या वॉचमनला वऱ्हाडी चालते, डॉक्टरला नाही. यावर मी एकदा तावातावानं बोलले, अर्थात पुणेरी मराठीत.

तर घरी. ठाण्याला मुलीशी मी बातम्यांसारखंच बोलते. तिला ‘काहून’, म्हणजे ‘का’, हा गमतीचा शब्द वाटतो. मायशी फोनवर वऱ्हाडीत सुरू करते आणि तिसऱ्या वाक्याला घसरते. पूर्वी ती टोकायची. परवा तीच म्हणाली, ‘दोन दिवस झाले, पाणी नाही आलं.’ पाणी. घोटून, बाणातल्या ‘ण’सकट. मी काही बोलले नाही. टँकर येतो का, एवढंच विचारलं.