नवीन लॅपटॉपमध्ये काय काय टाकू?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर या विषयावर मी आपणहून तोंड उघडत नाही, कारण एकदा उघडलं की बंद होत नाही. ओळखीत कुणी लॅपटॉप घेतला की प्रश्न ठरलेला, "यात काय काय टाकू?" आणि समोरच्याला वाटत असतं मी आता पंचवीस नावं सांगणार. माझ्या मशीनवर वरून टाकलेलं सगळं मिळून पाच-सहाच आहे.

व्हिडिओला व्हीएलसी, झिप आणि रार, म्हणजे दाबून लहान केलेल्या फाइल उघडायला सेव्हन-झिप. दोन्ही फुकट, जाहिराती नाहीत, सेव्हन-झिप तर १९९९ पासून आहे आणि दिसतंही तसंच, पण काम चोख.

विंडोज असेल तर एव्हरीथिंग नक्की टाका. फाइल सेव्ह केली पण कुठे केली ते आठवत नाही, हा रोजचा ताप असतो ना, त्याच्यावर हे औषध. 'बायोडेटा' मधलं नुसतं 'बायो' टाइप करा, पुढचं लिहीपर्यंत यादी समोर. विंडोजचं सर्च फोल्डर धुंडाळत बसतं, हे मात्र डिस्कवर फाइलींच्या नावांची जी मूळ नोंदवही असते तीच वाचून ठेवतं, म्हणून एवढं फास्ट. फक्त नाव तरी धड द्या, 'न्यू डॉक्युमेंट ४' ला कोण काय करणार.

पासवर्डसाठी बिटवॉर्डन, सगळ्या साइटचे पासवर्ड ते कुलपात सांभाळतं. एकच मोठा मास्टर पासवर्ड लक्षात ठेवायचा, आणि तो खरंच ठेवायचा, कारण विसरलात तर कंपनीसुद्धा काढून देऊ शकत नाही. मी कागदावर लिहून कपाटात ठेवलाय, हसा खुशाल.

आता ब्राउझर. जाहिराती अडवायला यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. यातलं 'ओरिजिन' महत्त्वाचं, नुसतं यूब्लॉक वेगळं आहे. फायरफॉक्सवर ते पूर्ण चालतं, क्रोमने एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे तिथे त्याच्या 'लाइट' या कमी ताकदीच्या आवृत्तीवर भागवावं लागतं.

बाकी एक्स्टेन्शन टाकताना माझा हात आखडतो. टाकताना एक खिडकी येते, "सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचणे आणि बदलणे", आपण न वाचता ओके करतो. म्हणजे मेल, बँक, सगळं आलं की त्यात! द ग्रेट सस्पेंडर नावाचं एक्स्टेन्शन होतं, न वापरलेले टॅब झोपवून मेमरी वाचवायचं, लाखो लोक वापरायचे. २०२० मध्ये ते मूळ माणसाकडून दुसऱ्याच्या हातात गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, म्हणून काढून टाकलं. वापरणाऱ्यांनी काहीच चूक केली नव्हती, मालक बदलला एवढंच. म्हणून मी दोन-तीन महिन्यांनी यादी उघडतो आणि जे लागत नाही ते उडवतो.

आणि डाउनलोड मूळ साइटवरूनच. एकदा घाईत कुठल्याशा साइटवरून पीडीएफ कन्व्हर्टर घेतला, नेक्स्ट नेक्स्ट करत गेलो, पीडीएफ काही झाली नाही पण ब्राउझरचं होमपेज बदललं आणि ते पूर्ववत करण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

अँटिव्हायरस विचाराल तर विंडोजमधला डिफेंडर पुरतो, वेगळं काही घेऊ नका. आणि काहीही टाकायच्या आधी विंडोज बटण आणि व्ही एकत्र दाबून बघा, एकदा चालू केलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी येते. यासाठीसुद्धा लोक सॉफ्टवेअर शोधत असतात.