टी-एस आलेखात भेटलेलं पर्शियाच्या आखाताचं पाणी

आज दिवसभर अरबी समुद्रातल्या सीटीडीच्या (पाण्यात सोडून क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं उपकरण) नोंदी घेऊन बसले होते. त्यांचा टी-एस आलेख काढला: आडव्या अक्षावर क्षारता (एस), उभ्या अक्षावर तापमान (टी). आलेखात खोली कुठेच नाही (ती नोंदींतून पाहिली), तरी पाणी ओळखू येतं! वरच्या शंभरेक मीटरांत, सिग्मा 24 च्या रेषेजवळ (सिग्मा म्हणजे पाण्याची घनता 1000 किलो प्रति घनमीटरच्या किती वर आहे ते), क्षारतेचा मोठा फुगवटा: बाष्पीभवनाने खारावलेलं अरबी समुद्राचं स्वतःचं पाणी. मग क्षारता उतरत गेली आणि 300 मीटरच्या आसपास, सिग्मा 26.6 पाशी, पुन्हा किंचित वर आली. हे होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडलेलं आखाताचं पाणी. एकदा पृष्ठभाग सोडला की ऊन, पाऊस काही लागत नाही. फक्त शेजारच्या पाण्यात मिसळणं उरतं, म्हणून ओळख इतकी दूरवर टिकते. सिग्मा 27.2 ला तांबड्या समुद्राची खूण मात्र फारच पुसट. नुसत्या क्षारतेवर निकाल द्यायला मन धजत नाही. उद्या ऑक्सिजनही लावून बघते.