रिपोर्ट नॉर्मल, आणि रात्री नऊ वेळा उठणं

काल अमरावतीहून परत आले, लघवीच्या पिशवीत, म्हणजे मूत्राशयात, नळीनं औषध सोडायची ही सहावी वेळ होती, आणि येताना मोर्शीपर्यंत एकदाही कंडक्टरभाऊंना गाडी थांबवा म्हणावं लागलं नाही. दीड तास सलग बसून आले. घरी आल्यावर आत्याबाईंना सांगताना रडूच आलं मला. लिहायचं दोन वर्षांपासून मनात होतं पण लघवीच्या दुखण्यावर बाईमाणसानं काय लिहावं असं वाटायचं, आता नाही वाटत.

सुरुवात झाली २०२१ च्या उन्हाळ्यात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, आणि लघवीला जळजळलं की उन्हाळी लागली म्हणतात, त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. आत्याबाई म्हणाल्या, "धने भिजू घाल अन् तेच पाणी पी, दोन दिवसात बरं वाटते." धन्याचं पाणी प्यायले, सब्जा खाल्ला, गोखरूचा काढा घेतला, आणि सगळ्यात जास्त लिंबूपाणी, दिवसाला चार-पाच गिलास, आता कळतं की तेच मला जास्त जाळत होतं. पाऊस आला, पोळा झाला, दिवाळी झाली, माझी उन्हाळी काही गेली नाही.

दुखणं असं की पिशवी जराशी भरत आली की ओटीपोटात दाब यायचा, मग सुया टोचल्यासारखं, आणि जाऊन आलं की दहा-पंधरा मिनिटं बरं, की पुन्हा तेच. आणि व्हायची किती तर अर्धा कप. दिवसा वीस-पंचवीस वेळा, रात्री आठ-नऊ वेळा. आमचा संडास तेव्हा अंगणाच्या पार टोकाला होता, पावसाळ्यात विंचूकाट्याची भीती, हे बिचारे टॉर्च घेऊन सोबत उठायचे आणि सकाळी पुन्हा वावरात. वावरात तूर उभी असेपर्यंत आडोसा तरी असतो, फेब्रुवारीनंतर रान मोकळं झालं की बाईनं जायचं कुठं? म्हणून मी पाणीच कमी केलं, त्यानं लघवी घट्ट झाली आणि जळजळ अजून वाढली.

तालुक्याच्या एका दवाखान्यात अडीच वर्षात मला अकरा वेळा अँटिबायोटिकचा कोर्स दिला. कल्चर केलं फक्त दोनदा, दोन्ही वेळा नो ग्रोथ, म्हणजे जंतू वाढलेच नाहीत, तरी गोळ्या तशाच सुरू. सोनोग्राफीत मुतखडा नाही, काही नाही. "ताई, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत, टेन्शन नका घेऊ." आणि दुसऱ्या एका ठिकाणी सरळ सांगितलं की पिशवी काढून टाका. ही पिशवी म्हणजे गर्भाशय बरं का. आमच्याकडे बाईच्या ओटीपोटात दुखलं की पिशवी काढा हे इतक्या सहज सांगतात, आणि लघवीच्या पिशवीलाही आपण पिशवीच म्हणतो, त्यामुळे माझं दुखणं नेमकं कोणत्या पिशवीचं हे घरच्यांनाही कळत नव्हतं. तारीखसुद्धा ठरली होती. आमच्या आशाताईनं अडवलं, म्हणाली, "वहिनी, आधी लघवीच्या डॉक्टरले दाखवा, मग काढाची ते काढा." तिचे उपकार मी विसरू शकत नाही.

अमरावतीच्या युरॉलॉजिस्टनं पहिल्यांदा पूर्ण ऐकून घेतलं. तीन दिवसांची वही आणायला सांगितली, किती वाजता गेले, किती एमएल झाली (मापाचा कप मेडिकलमधून आणला), किती दुखलं. चांगल्या पिशवीत चारशे-पाचशे एमएल सहज मावते, माझी जास्तीत जास्त ११० होती. मग लघवीची टीबीची तपासणी केली, कारण कल्चरमध्ये जंतू नाही पण लघवीत पस सेल, म्हणजे पुवाच्या पेशी, दिसतात तेव्हा टीबी आहे का हे आपल्याकडे बघावंच लागतं. ती निगेटिव्ह आली, मग भूल देऊन दुर्बिणीतून आतून पाहिलं. गाठ नाही, खडा नाही. काहींना आत लालसर जखमा असतात, त्यांना हन्नर म्हणतात, हन्नर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं त्या १९१५ मध्ये लिहून ठेवल्या, त्या असल्या तर जाळून आराम पडतो. मला त्या नव्हत्या.

आजाराचं नाव इंटरस्टिशियल सिस्टायटिस, आता ब्लॅडर पेन सिंड्रोमही म्हणतात. जंतूंचा आजार नाही म्हणून अँटिबायोटिकनं जात नाही. पिशवीच्या आतलं अस्तर कमजोर होतं, लघवीतले क्षार नसांना टोचतात आणि नसा जास्तच हळव्या होऊन बसतात, असं समजावलं, आणि नेमकं कशानं होतं हे अजून कोणालाच पक्कं माहीत नाही हेही सांगितलं. मला ते खरं बोलणं फार बरं वाटलं. नाव मिळालं त्या रात्री मी दुखत असूनही शांत होते.

औषधात आधी अमिट्रिप्टिलिन, १० एमजी, रात्री. मेडिकलवाल्यानं आमच्या ह्यांना सांगितलं की ही डिप्रेशनची गोळी आहे, झालं, घरात आठ दिवस कुजबुज, हिच्या डोक्यात काही झालं का म्हणून. डॉक्टरांनी फोनवर समजावलं की थोड्या डोसमध्ये ही नसांचं दुखणं कमी करायला देतात. तोंड कोरडं पडतं, सकाळी जड वाटतं, पण महिन्याभरात रात्रीचं उठणं पाचवर आलं. पेंटोसान नावाची कॅप्सूलही असते, ती महाग आहे आणि गुण यायला तीन ते सहा महिने लागतात, वर जास्त काळ घेतल्यावर काहींच्या डोळ्याच्या पडद्याला त्रास झाला म्हणून २०२० मध्ये अमेरिकेत तिच्या माहितीपत्रकात तसा इशारा टाकला. आम्ही विचार करून नको म्हटलं. त्याऐवजी नळीनं पिशवीत हेपॅरिन आणि बधिर करणारं लिग्नोकेन सोडतात, सहा आठवडे, आठवड्यातून एकदा. नळी घालताना दुखतं, खोटं कशाला सांगू, पण तिसऱ्या वेळेनंतर फरक कळायला लागला.

फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी एक गोष्ट सांगितली ती सगळ्या बायांना कळायला पायजे. गावच्या शिबिरात मला खालचे स्नायू आवळायचा व्यायाम शिकवला होता आणि मी तो मन लावून करत होते, दुखणं वाढत होतं. माझे स्नायू आधीच आवळलेले, त्यांना सैल करायचं असतं. आता भिंतीला पाय टेकवून पोटातून श्वास घेते, गरम पाण्याची पिशवी ठेवते.

खाण्यात चहा बंद, ठेचा बंद, टमाटर बंद, आणि संत्री. आमची दोनशे झाडं आहेत संत्र्याची, लग्न होऊन आले तेव्हापासून तोडीच्या वेळी झाडाखाली बसून खायची सवय. आधी सगळं बंद करून मग एकेक वस्तू तीन दिवसांच्या अंतरानं खाऊन बघायची असते, सगळ्यांना सगळंच बाधतं असं नाही. टमाटर मला थोडं चालतं, चहा अजिबात नाही. संत्रं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय.

आता रात्री दोनदा उठते, कधी तीनदा, पिशवीत २६० पर्यंत मावते. मागच्या आठवड्यात लग्नाच्या धावपळीत दोन दिवस पुन्हा भयंकर दुखलं, तेही वहीत लिहिलंय. ह्यांनी खोलीला लागून संडास-बाथरूम बांधून दिलं, बांधायला त्या वर्षीच्या संत्र्याच्या मृग बहाराचे अर्धे पैसे गेले. आत्याबाई परवा शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "उन्हाळी नोयते ते, येगळीच बिमारी हाये, तिले नाव हाये."

पुढची तारीख २० ला आहे, आता महिन्यातून एकदाच जायचं.