लियोंची तिसरी नदी

बाटली टेबलावर ठेवली तेव्हा ‘ठक्’ असा आवाज झाला. लेबल नाही, बूच नाही, तळाची काच मात्र चांगली जाडजूड. फ्रान्समधल्या लियों शहरात या बाटलीला ‘पो’ म्हणतात. तिच्यात 46 सेंटिलिटर वाइन मावते.

जुन्या लियोंमधल्या एका बुशोंमध्ये आम्ही जेवायला बसलो होतो. बुशों म्हणजे इथली घरगुती खानावळ. चौकड्यांचे टेबलक्लॉथ, खुर्चीला खुर्ची लागलेली, शेजारच्याचं कोपर आपल्या ताटापाशी. मावसभाऊ तीन वर्षं या शहरात राहतोय. म्हणाला, “ताई, भारी वाइनच्या नादी लागू नकोस. हे लोक रोजच्या जेवणात पितात ती घे.”

ती म्हणजे बोजोले. तिचे मळे शहराच्या उत्तरेच्या टेकड्यांवर आहेत. रोन आणि सोन या दोन नद्या लियोंमधून वाहतात, आणि तिसरी बोजोले, असं इथली माणसं अभिमानाने सांगतात.

पहिला घोट मी नुसताच घेतला. खरं सांगते, आवडला नाही. आंबट लागला आणि पातळही. रेड वाइन दाट, जड असते अशी माझी समजूत होती. ही तर किंचित गार होती.

मग ‘सेर्वेल द कानू’ आलं. नावाचा अर्थ ‘रेशीम विणकराचा मेंदू’, पण वाडग्यात होता आपल्या चक्क्यासारखा ताजा चीजचा गोळा. त्यात बारीक चिरलेले छोटे कांदे, लसूण, हिरवी पात, ऑलिव्ह तेल आणि थोडं व्हिनेगर. क्र्वा-रूसच्या टेकडीवर पूर्वी रेशमाचे माग चालायचे, त्या विणकरांच्या नावाचा हा पदार्थ. पावाला फासून खाल्लं आणि वर दुसरा घोट घेतला.

मघाचा आंबटपणा आता हवाहवासा वाटला! तोंडातला चिकटा, लसणाचा उग्रपणा धुऊन निघाला आणि मागे लाल फळांचा ताजा वास राहिला. अगदी शेवटी जरासा तुरटपणा. जांभळाने जीभ ओढते तसा, पण त्याच्या पावपट. मसालेभातासोबत मठ्ठा हवा, तशी या जेवणासोबत ही हवी.

ही वाइन गामे द्राक्षाची. इथे सहसा घड न चिरडता अख्खेच टाकीत भरतात. कार्बन डायऑक्साइड कोंडतो आणि आंबण्याची सुरुवात द्राक्षाच्या आतच होते. म्हणून फळाचा वास टिकतो आणि तुरटपणा कमी उतरतो. 1395 साली बर्गंडी प्रांताच्या ड्यूक फिलिपने हलक्या प्रतीचं म्हणून गामे उपटून टाकायचा हुकूम काढला होता. बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या जमिनीत मात्र ते छान रुजलं. मला तर त्या हुकमाचा रागच आला.

शेवटी सें-मार्सेलँ चीज आलं, चमच्याने उचलावं इतकं मऊ झालेलं. पोमध्ये दोन बोटं वाइन उरली होती. ती भावाने माझ्या ग्लासात ओतली.